१६ पानं गायब होती आणि मला कळलंच नाही! ('द दा विंची कोड' वाचलेल्यांनी आत या)

अर्धवट_वाचक (जळगाव)

मंडळी, एक कबुली द्यायची आहे.

२००६ ची दिवाळी. पुण्यात शिकत होतो. गावी निघताना स्टेशनबाहेरच्या फूटपाथवरून ८० रुपयांत डॅन ब्राउनचा 'दा विंची कोड' घेतला. कागद असा की मागच्या पानावरची अक्षरं पुढून वाचता येतील. महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर उघडला तो मनमाडला चहालासुद्धा खाली उतरलो नाही. जळगाव आलं तेव्हा तीसेक पानं उरली होती, ती घरी फराळाच्या ताटावर संपवली. आईनं विचारलं, चकली कशी झालीय? म्हटलं, मस्त. ताटात चकली नव्हतीच, शेव होती.

तेव्हापासून मी छातीठोकपणे सांगत आलोय की हे पुस्तक मी एका बैठकीत वाचलंय. गेल्या महिन्यात भाच्यासाठी चांगली प्रत विकत घेतली आणि देण्याआधी स्वतःच पुन्हा वाचायला बसलो. नायक लँग्डन आणि त्याची साथीदार सोफी झुरिकच्या बँकेच्या पॅरिसमधल्या शाखेतून पेटी घेऊन चिलखती गाडीत लपून निघतात, गाडी बँकेचा मॅनेजर चालवतोय, इथपर्यंत सगळं आठवत होतं. मग तो मॅनेजर गाडी थांबवतो आणि या दोघांवर पिस्तूल रोखतो! मी उडालोच. हा प्रसंग मी आयुष्यात कधी वाचलेला नव्हता.

माळ्यावरून ८० रुपयेवाली प्रत शोधून काढली. मोजली. बरोबर १६ पानं नाहीत. माझ्या प्रतीत दोघं गाडीत बसतात आणि पान उलटलं की थेट त्या इंग्रज साहेबाच्या, टीबिंगच्या, बंगल्याकडे. इतकी वर्षं मी समजत होतो की बँकेचा मॅनेजर भला माणूस, बिचाऱ्यानं यांना सोडलं. बँकेची गाडी लँग्डन का चालवतोय हा प्रश्नही मला पडला नाही!

आता तुम्ही सांगा. १६ पानं नसूनही ज्याचं काही अडत नाही ती कादंबरी भारी म्हणायची की पोकळ? मला खरंच ठरवता येत नाहीये.

---

खान्देशी_आंडोर (दोंडाईचा)

मी बी वाचेल शे भो. एकच रातमा वाची टाकं. माय सकाळे म्हने, रातभर लाइट का बरं चालू व्हती?

मन्ही प्रतमा बठ्ठा पानं व्हतात. तरी मॅनेजरनं पिस्तूल मले आठवत नही. आते बोला!

---

यावलकर_सध्या_पुणे

धागाकर्त्यानं नकळत उत्तम समीक्षा लिहिली आहे. जी गोष्ट काढून टाकली तरी चालते ती मुळात लिहिलीच कशाला?

मी हे पुस्तक तीनदा सुरू केलं. दर वेळी चाळीस पानांत थांबलो. पॅरिसच्या लूव्हर म्युझियमचा म्हातारा क्युरेटर, पोटात गोळी लागलेली, हाताशी जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्यात हा गडी काय काय करतो? लांबलचक गॅलरीभर फिरतो, चित्रांवर मजकूर लिहितो, किल्ली लपवतो, कपडे काढतो, स्वतःच्या रक्तानं अंगावर चांदणी काढतो, वर्तुळात नीट हातपाय पसरून झोपतो आणि मग मरतो. आमच्या गल्लीत माणसाला विंचू चावला तर तो नीट पत्ता सांगू शकत नाही.

पात्रं म्हणाल तर सगळी एकाच प्राध्यापकाच्या आवाजात बोलतात. पोलीस मागे लागलेत, जीव मुठीत आहे आणि हे उभे राहून एकमेकांना इतिहासाचे तास देतात.

---

केळीचा_घड (रावेर)

थांबा थांबा. मी आत्ता वाचून राह्यलो हाये. मराठीतलं, गावच्या वाचनालयातून आणलेलं. ६२ व्या प्रकरणावर हाये. शेवट कोणी सांगू नका, हात जोडतो.

यावलकर भाऊ, तुमी पुण्यात खुर्चीवर बसून वाचता. आमच्याकडं थ्री फेज लाइट या आठवड्यात रात्री बाराला येते. केळीला पाणी द्यायला मळ्यात जागावं लागते. ठिबकचा एक कॉक बंद करून दुसरा सोडायचा, मग वाट पाहायची. आजूबाजूला बिबट्या फिरतो म्हणतात, त्यामुळं डुलकी घेता येत नाही. डोक्याला बॅटरी बांधून वाचतो. एका कॉकच्या टायमात याची तीन-चार प्रकरणं होतात. प्रकरण संपलं की उठून जायला पाहिजे, पण शेवटच्या ओळीत असं काही म्हणून ठेवते हा बाबा की पाय उचलत नाही. परवा दोन ओळींना दुप्पट पाणी गेलं.

पात्रं कशी बोलतात ते मले नाही समजत. रात्री दोन वाजता मले जागं ठेवलं, तेवढं पुष्कळ.

---

यावलकर_सध्या_पुणे

केळीचा घड, यावर माझ्याकडे उत्तर नाही. :) पण मग चहाचा थर्मासही तेच काम करतो.

---

केळीचा_घड (रावेर)

थर्मास दोन वाजेपर्यंत रिकामा होते भाऊ. हे पुस्तक १०५ प्रकरणांचं हाये.

---

गणिताच्या_बाई (अमळनेर)

आधी एक घरचा किस्सा. मी हे पुस्तक मराठीतून वाचत होते आणि सासूबाई शेजारी वाल सोलत होत्या. मुखपृष्ठावरचं नाव त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि काळजीनं विचारलं, "कोणाले फुटलं गं कोड?" मी हसून हसून पडले. त्यांना समजावून सांगितलं की हे ते कोड नाही, गुप्त खुणांचं आहे. तर म्हणाल्या, "मंग कोडं म्हना ना. कोड काय म्हनता." मला त्यांचं पटलं. 'दा विंचीचं कोडं' हे नाव मराठीत जास्त शोभलं असतं.

बरं, आता माझा विषय. म्हाताऱ्यानं जमिनीवर जे आकडे लिहिलेत ते असे: १३-३-२-२१-१-१-८-५. हे फिबोनाची या इटालियन गणितज्ञाचे आकडे उलटसुलट केलेले. सरळ लावले तर १, १, २, ३, ५, ८, १३, २१, मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा. पुढे बँकेत हेच आकडे सलग लिहिले की दहा आकडी खातेक्रमांक होतो. मला हे पुस्तक आवडतं ते या एका गोष्टीसाठी. माझ्या नववीच्या वर्गातल्या, गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघणाऱ्या पोरांना मी हे दृश्य सांगितलं आणि पहिल्यांदाच पूर्ण बाक माझ्याकडे बघत होते.

पण मी त्यांना एक पायरी पुढे नेलं. तुम्हालाही नेते, दोन मिनिटं द्या.

मात्रावृत्त आठवतंय का? लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. आता चार मात्रांची जागा लघु-गुरूंनी किती तऱ्हांनी भरता येईल? गुरु-गुरु. गुरु-लघु-लघु. लघु-गुरु-लघु. लघु-लघु-गुरु. चारही लघु. झाल्या पाच. तीन मात्रांच्या तऱ्हा तीन, दोनच्या दोन. पाच मात्रांच्या मोजून बघा, आठ येतील. सहाच्या तेरा. का? कारण शेवटचं अक्षर एक तर लघु असणार, म्हणजे आधी एक मात्रा कमी, किंवा गुरु असणार, म्हणजे आधी दोन कमी. मागच्या दोन उत्तरांची बेरीज! हे हेमचंद्राचार्यांनी गुजरातेत ११५० च्या सुमारास मांडलं. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. विरहांक नावाचा छंदशास्त्री तर हेमचंद्रांच्याही आधीचा.

एका पोरानं विचारलं, "बाई, मग पुस्तकात हेमचंद्र का नाही?" म्हटलं, बाळा, पॅरिसच्या म्युझियममध्ये खून झालाय, पाटणला नाही.

---

पाटणादेवी_रोड (चाळीसगाव)

बाई, पाटण म्हटलंत आणि माझा विषय आला! तुमचं पाटण गुजरातेतलं, अणहिलवाड. आमचं पाटण चाळीसगावपासून हाकेवर, पाटणादेवीचं. तिथे १२०७ सालचा शिलालेख मिळाला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा. म्हणजे तिकडे फिबोनाचीचं पुस्तक आलं आणि इकडे पाच वर्षांत 'लीलावती', 'सिद्धांतशिरोमणी' शिकवायला शाळा निघाली. लेखाचा मोठा भाग संस्कृत, पण शेवटी मराठी येतं: "इयां पाटणीं जें केणें उघटे..." बाजारात जो माल उघडेल त्यावरचा कर मठाला. एका गणिताच्या शाळेसाठी अख्ख्या पेठेनं पैसे द्यायचे!

आता बघा, कादंबरीला काय कमी आहे? सातमाळ्याचं जंगल, धवलतीर्थाचा धबधबा, केदारकुंड, हेमाडपंती देऊळ, शिलालेख, गणिती आजोबा, नातू. कोणीतरी लिहा रे. पहिला खून पितळखोऱ्याच्या लेण्यात करा, मी जागा दाखवतो.

---

खान्देशी_आंडोर (दोंडाईचा)

खून करानी जागा दाखाडस म्हने. पोलीस धागा वाची ऱ्हायनात दादा.

---

काळाकोट (धुळे)

पोलिसांचं माहीत नाही, पण वकील वाचतोय. :)

या पुस्तकावरचा खटला कोणी अजून काढला नाही याचं नवल वाटलं. येशू आणि त्याची शिष्या मेरी मॅग्डालीन यांचं लग्न झालं होतं, त्यांचा वंश फ्रान्समध्ये वाढला, हा जो कादंबरीचा गाभा आहे तो १९८२ च्या एका इंग्रजी पुस्तकात आधीच आला होता. ते पुस्तक इतिहास म्हणून लिहिलेलं होतं. त्याच्या तीन लेखकांपैकी दोघं, बेजंट आणि ली, लंडनच्या हायकोर्टात गेले की आमच्या पुस्तकाची रचनाच उचलली. २००६ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. हरले. आणि गंमत म्हणजे कादंबरीतल्या त्या इंग्रज साहेबाचं नाव ली टीबिंग. 'ली' तर आहेच, आणि 'टीबिंग' ची इंग्रजी अक्षरं फिरवली की 'बेजंट' होतं. म्हणजे लेखकानं उघड उघड सलाम ठोकला होता.

कायद्याची बाजू सोपी आहे. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, ती ज्या शब्दांत, ज्या बांधणीत मांडली त्यावर असते. आपल्या सुप्रीम कोर्टानंही १९७८ साली एका नाटक-सिनेमाच्या वादात हेच सांगितलंय. आणि इथे तर त्या दोघांची आणखी पंचाईत होती. तुम्ही जर म्हणता की हा खरा इतिहास आहे, तर इतिहासावर मालकी कशी सांगणार? शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ही काय कोणा एकाच्या बापाची गोष्ट आहे का?

पण मला सगळ्यात आवडला तो न्यायाधीश, पीटर स्मिथ. त्यानं निकालपत्रातच एक गुप्त संदेश लपवला! मधूनच एखादं अक्षर तिरकं. वकिलांना आधी वाटलं टायपिंगची चूक. ती अक्षरं जोडायला घेतली तर न्यायाधीशाच्याच नावाचं कोडं निघालं, आणि ते सोडवायला पुन्हा फिबोनाचीचे आकडे लागले. उत्तर काय, तर जॅकी फिशर नावाचा ब्रिटिश आरमाराचा अधिकारी आणि त्याची 'ड्रेडनॉट' युद्धनौका. पुस्तकाशी काडीचा संबंध नाही, साहेबाला आरमाराचा शौक. आमच्या कोर्टात निकालपत्राची नक्कल मिळायला महिना जातो, त्यात तिरकी अक्षरं कोण शोधणार?

---

बाइंडर_आबा (जळगाव)

मी पुस्तकातलं नाही, पुस्तकाचं सांगतो. ४१ वर्षं बाइंडिंग केलं.

अर्धवट भाऊ, तुमची १६ पानं 'गायब' नाही झाली. एक फर्मा गेला. मोठ्या कागदावर आठ पानं पुढं, आठ मागं छापतात, घड्या घालतात, तो एक फर्मा. असे फर्मे क्रमानं एकावर एक ठेवून शिवायचे किंवा चिकटवायचे. ठेवणाऱ्या पोराचं लक्ष चहाकडं गेलं की एक फर्मा राहतो. नाहीतर तोच दोनदा लागतो. चांगल्या ठिकाणी फर्म्याच्या पाठीवर काळी खूण छापलेली असते, सगळे फर्मे रचले की त्या खुणांची पायरी दिसते. पायरी तुटली की समजायचं, काहीतरी चुकलं. चोरून छापणाऱ्याला पायरी बघायला वेळ कुठं?

आणि एक. पोथी बांधताना एक पान मागंपुढं झालं तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत येई. ज्ञानेश्वरीचा फर्मा चुकला तर माळकरी दुकानात येऊन रागवे. मात्र रहस्यकथांच्या गठ्ठ्यात फर्मा चुकला म्हणून परत आलेला माणूस मला आठवत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांचे तर मी ढीग बांधले वाचनालयांसाठी. त्यांचा नायक झुंजार एका पानावर विहिरीत आणि दुसऱ्या पानावर मोटारीत. वाचणारा म्हणे, निघाला असेल वर!

---

अर्धवट_वाचक (जळगाव)

आबा, दंडवत! "निघाला असेल वर" ही ओळ माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. मीसुद्धा मॅनेजरच्या बाबतीत तेच केलं. लेखकानं दिलं नाही ते मी भरून घेतलं आणि इतकं बेमालूम की मला आठवतंय असंच वाटत होतं.

---

चष्म्याचा_नंबर (भुसावळ)

बाईंच्या सासूबाईंच्या 'कोड'वरून आठवलं. यातला मारेकरी सायलस, पांढराफटक, लाल डोळ्यांचा. त्याला रंगद्रव्याचा जन्मजात अभाव आहे, ते कोड नव्हे. मी डोळे तपासायचं काम करते. अशा लोकांची नजर बहुतेक वेळा कमजोर असते, बुबुळं सारखी हलतात, उजेड सहन होत नाही. असा माणूस पॅरिसमध्ये रात्री गाडी हाकतो आणि नेम धरून गोळ्या घालतो, हे मला काही झेपलं नाही. आणि गोष्टीत पांढरा माणूस दिसला की तो खलनायक, ही सवय वाईट आहे. आमच्याकडे एक मुलगी येते तपासायला, तिला कॉलेजात पोरांनी 'सायलस' नाव ठेवलं होतं. सिनेमा बघून. तिनं पुस्तक वाचलंही नव्हतं.

बाकी पुस्तक मी दोनदा वाचलं हेही सांगते. वाचताना राग येत होता आणि पान उलटत होते.

---

यावलकर_सध्या_पुणे

तुमचं शेवटचं वाक्य मी चोरणार आहे.

माझा खरा आक्षेप मी अजून मांडलाच नाही. पुस्तक उघडलं की गोष्ट सुरू व्हायच्या आधी एक पान आहे. 'तथ्य' म्हणून. त्यात लिहिलंय की प्रायरी ऑफ सायन ही १०९९ साली स्थापन झालेली खरी गुप्त संघटना आहे आणि या कादंबरीतली चित्रं, वास्तू, कागदपत्रं, विधी यांची वर्णनं अचूक आहेत. प्रत्यक्षात ती संघटना प्लांतार नावाच्या एका फ्रेंच माणसानं १९५६ साली कागदावर नोंदवली. जुने म्हणून दाखवलेले कागद त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी बनवून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सरकवून दिले होते. लूव्हरसमोरच्या काचेच्या पिरॅमिडला ६६६ काचा आहेत असं पुस्तक म्हणतं, आहेत ६७३. सोफी जे चित्र भिंतीवरून उतरवून ढालीसारखं पुढे धरते आणि गुडघ्यानं फाडायची धमकी देते, ते साडेसहा फूट उंच आहे. आणि शीर्षकातच घोळ. 'दा विंची' हे आडनाव नाही. विंची गावचा लिओनार्दो, एवढाच त्याचा अर्थ. उद्या असोद्याच्या बहिणाबाईंवर कोणी पुस्तक लिहून त्याला 'असोद्याची यांचे कोडे' नाव देईल.

गोष्ट खोटी असायला माझी हरकत नाही. गोष्ट खोटीच असते. पण दारावर 'इथे खोटं बोलत नाहीत' अशी पाटी कशाला?

---

गणिताच्या_बाई (अमळनेर)

कारण पाटीशिवाय एवढा खप झाला नसता! जगभरात ८ कोटींवर प्रती खपल्या म्हणतात. निम्मे लोक गोष्टीसाठी वाचत होते आणि निम्मे 'बघा, हे चर्चनं दडवून ठेवलं' म्हणून.

लिओनार्दोच्या 'शेवटचं भोजन' या चित्रात येशूच्या शेजारी बाई आहे, हे मलाही वाचताना एकदम पटलं होतं. आता बाईच दिसते! नंतर कळलं की तो योहान. सगळ्यांत तरुण शिष्य म्हणून त्याला बिनदाढीचा, कोवळ्या चेहऱ्याचा दाखवायची तिकडच्या चित्रकारांची रीतच होती. आपल्या कॅलेंडरांवरचा राम कुठे दाढीमिशांचा असतो?

---

पाटणादेवी_रोड (चाळीसगाव)

यावलकर, पाटीबद्दल पटलं, पण पाटी आपणही लावतो. लीलावतीची गोष्ट घ्या. भास्कराचार्यांची मुलगी, लग्नाचा मुहूर्त, घटिकापात्रात नथीतला मोती पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला, म्हणून बापानं तिच्या नावानं ग्रंथ लिहिला. लहानपणापासून ऐकत आलो. सहलीला पोरांना घेऊन जातो तेव्हा मीच सांगायचो, वर "ही सत्यकथा आहे" म्हणून. ग्रंथात यातलं अक्षर नाही. ती गोष्ट येते अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात, भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी.

हे कळल्यावर पुढच्या सहलीला मी ती गोष्ट गाळली. पोरं जांभया देत होती. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा सांगितली, फक्त "असं म्हणतात" लावून.

---

काळाकोट (धुळे)

"असं म्हणतात" हा आमच्या धंद्यात पुरावा होत नाही, पण जामीन मिळवून देतो.

बरं, गुप्त लिपी, संघटना, लपवलेले ग्रंथ हे सगळं शोधायला पॅरिसला जायची गरज नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ शेकडो वर्षं सकळ लिपीत ठेवले. देवनागरीतल्या एका अक्षरासाठी दुसरंच चिन्ह, बाहेरच्याला वाचता येऊ नये म्हणून. 'लीळाचरित्रा'सारखा ग्रंथ, मराठी गद्याचा पाया, कुलूपबंद! ती किल्ली सापडवली इतिहासाचार्य राजवाड्यांनी. तेच राजवाडे शेवटी आमच्या धुळ्यात राहिले, १९२६ च्या ३१ डिसेंबरला इथेच गेले. त्यांच्या मागे निघालेलं संशोधन मंडळ आजही उभं आहे. सकाळी कोर्टात जाताना मी त्याच्यासमोरून जातो. दहा वर्षं आत गेलो नव्हतो. दा विंची कोड वाचून लूव्हरचा नकाशा पाठ झाल्यावर लाज वाटली, मग गेलो.

---

यावलकर_सध्या_पुणे

ही मात्र या पुस्तकाची मोठी कमाई. माणूस लूव्हरला जायला निघाला आणि राजवाडे मंडळात पोचला.

---

अर्धवट_वाचक (जळगाव)

मराठी अनुवाद वाचलेल्यांना एक विचारायचं होतं. ते शब्दांचे खेळ मराठीत कसे आणले असतील? म्हातारा जे लिहून जातो, 'ओ ड्रॅकोनियन डेव्हिल, ओ लेम सेंट', त्यातली इंग्रजी अक्षरं फिरवली की 'लिओनार्दो दा विंची, द मोनालिसा' होतं. देवनागरीत फिरवून बघा, काहीच होत नाही. आपली अक्षरं काना-मात्रेला चिकटलेली. आपले खेळ वेगळे. 'चिमा काय कामाची', 'रामाला भाला मारा', 'ती होडी जाडी होती'. पुढून वाचा, मागून वाचा.

---

केळीचा_घड (रावेर)

इंग्रजी तसंच ठेवून खाली समजावलं हाये. मी ते सोडून पुढं गेलो. तुमचा फर्मा चुकून राहिला, मी माझा हातानं सोडला. फरक काही पडला नाही. :)

९० व्या प्रकरणावर आलो. आता एक गुपित सांगतो. वाचनालयाच्या प्रतीत पहिल्याच पानावर कोणी तरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "सगळं बिशपनं केलं." मले लई राग आला होता. बाराशे शिव्या घातल्या. पण वाचणं काही सुटलं नाही. आता बिशप आला की म्हणतो, ये, तुझंच नाव हाये पहिल्या पानावर.

---

चष्म्याचा_नंबर (भुसावळ)

वाचा दादा, वाचा.

---

गणिताच्या_बाई (अमळनेर)

कोणीही काही बोलायचं नाही. आंडोर, विशेषतः तुम्ही.

---

खान्देशी_आंडोर (दोंडाईचा)

मी काय सांगू? मले तो मॅनेजर बी आठवत नही.

---

बाइंडर_आबा (जळगाव)

पेन्सिलीनं नाव लिहिणारे वाचक फार जुने. दुरुस्तीला येणाऱ्या दर चार रहस्यकथांत एकीवर खुन्याचं नाव असायचं. मी खोडरबरानं पुसून द्यायचो. एकदा वाचनालयाच्या मास्तरांनी सांगितलं, आबा, नका पुसू, ते नाव वाचूनच लोक पुस्तक नेतात, खरं की खोटं बघायला.

अर्धवट भाऊ, दोन्ही प्रती दुकानावर घेऊन या. नवीन प्रतीतल्या त्या पानांच्या झेरॉक्स काढून जुनीत शिवून देतो. पैसे नको.

---

अर्धवट_वाचक (जळगाव)

आबा, येतो नक्की. पण शिवू नका. भाच्याला मी जुनी प्रत देऊन बघणार आहे. त्याला कळतंय का बघू. कळलं तर मी हरलो.

---

केळीचा_घड (रावेर)

संपलं. पहाटे चार वाजून दहा मिनिटं.

ज्यानं पेन्सिलीनं लिहिलं त्या माणसाला मले एकदा भेटायचंय. चहा पाजीन, आणि मग पाठीत एक धपाटा घालीन. साऱ्या पुस्तकभर मी बिशपवर डोळा ठेवून बसलो, आणि भलताच माणूस माझ्यासमोरून चालत गेला.

पुसलं नाही. तसंच राहू दिलं. ती ओळ पुसट झाली होती म्हणून वरून पेन्सिल फिरवली.

जातो, शेवटचा कॉक राह्यला.